मोमिनपुऱ्यातले जहाज

गेल्या ईदला घरी आलेल्या बहुतेक पाहुण्यांनी शीरखुर्म्याची वाटी हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "हे जहाज कुठून आणलं?" जहाज आणलेले नाही, घरी केलेले आहे, आणि ते मी केले आहे, हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असे, "नागपुरात? जहाज?"

प्रश्न रास्त आहे. आमचे शहर देशाच्या मधोमध. झिरो माईलचा दगड इथे आहे. मुंबईचा समुद्र समृद्धी महामार्गाने गेले तरी ७०० किलोमीटर दूर. आमच्याकडे आहेत ते तलाव: अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, आणि आम्हा मोमिनपुऱ्याच्या लोकांना सर्वांत जवळचा जुम्मा तलाव. कागदोपत्री तो गांधीसागर, बाजारात शुक्रवारी तलाव. बारा गावे जोडून नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतानाने शहराला कोट घातला आणि हा तलाव बांधला. कोटाचा जुम्मा दरवाजा महालात अजून उभा आहे. त्याला आता गांधी गेट म्हणतात. शुक्रवार आणि जुम्मा एकच, त्यामुळे नाव कोणत्याही भाषेत घेतले तरी भांडण नाही.

माझ्या जहाजाची गोष्ट १९८९ च्या उन्हाळ्यात सुरू होते. अम्मी आणि अब्बा त्या वर्षी हजला गेले, पाण्याच्या रस्त्याने. मी आठ वर्षांची होते. नागपूर स्टेशनवर अर्धा मोहल्ला निरोपाला आला होता. अब्बांच्या गळ्यात इतके हार, की मला उचलून घेताना फुलेच तोंडात गेली. तेव्हा हजला जाणारा माणूस परत येईलच असे धरून कोणी चालत नसे. कर्ज फेडून, माफी मागून, कफन सोबत घेऊन लोक निघत. ते कफन जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणायचे आणि पेटीत तळाशी ठेवायचे.

त्यांच्या जाण्यानंतर काही दिवसांनी पाऊस सुरू झाला. गल्लीतून पाणी वाहू लागले आणि मी वहीची पाने फाडून होड्या सोडल्या. माझी समजूत अशी, की पाणी शेवटी समुद्राला मिळते आणि अब्बा समुद्रात आहेत, म्हणजे एखादी तरी होडी त्यांना दिसेल. पुढे भूगोल शिकल्यावर कळले. आमचे पाणी नाग नदीत जाते, नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, ती प्राणहिता होऊन गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. माझ्या होड्या अब्बांच्या बरोबर उलट दिशेला गेल्या.

आजच्या मुलांना हे सारे सांगावे लागते. आता नागपूरहूनच हजची विमाने सुटतात, भालदारपुऱ्यात आपले हज हाऊस आहे, आणि काही तासांत माणूस जेद्दाला उतरतो. पण शतकानुशतके हिंदुस्थानचा हाजी समुद्रावरूनच गेला. मुघलांच्या काळात सुरतेहून जहाजे निघत. जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहीमी' १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी पकडले. औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हाजींना घेऊन परतताना १६९५ मध्ये इंग्रज चाचांनी लुटले. पुढे आगबोटी आल्या, मुंबई हे हजचे बंदर झाले. मुघल लाइन कंपनीच्या जहाजांची नावे आमच्या लहानपणी घरातल्या माणसांसारखी घेतली जात: अकबर, नूरजहाँ, मोहम्मदी. ही कंपनी १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, आणि १९९५ नंतर हजचा समुद्रमार्ग बंदच झाला. मुंबई ते जेद्दा २,३०० सागरी मैल. जुन्या जहाजांना बारा-पंधरा दिवस लागत. अम्मी म्हणते, त्या दिवसांत निम्मे हाजी उलट्या करत होते आणि निम्मे त्यांना लिंबू देत होते.

२०१९ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. कफनासाठी पेटी उघडली, तेव्हा तळाशी जमजममध्ये भिजवलेले एकच कफन निघाले. दोघे गेले होते, म्हणजे दोन हवी होती. घरात त्याही दिवशी कुजबुज झाली. एका नातेवाईक बाईंनी नंतर बोलूनही दाखवले, की एवढ्या दूर जाऊन स्वतःचे कफन विसरून येणारी हीच एक. अम्मी काही बोलली नाही. "एक काफी था," एवढेच म्हणाली. ते कफन अब्बांना घातले.

त्याच पेटीत दोन फोटो होते. एकात अब्बा जहाजाच्या कठड्याला टेकून उभे आहेत, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर ऊन. दुसरा धक्क्यावरून काढलेला, त्यात जहाजाची बाजू मागच्या टोकापासून धुराड्यापर्यंत दिसते. नाव कुठल्याच फोटोत नाही. अम्मीला विचारले तर ती कधी 'अकबर' म्हणते, कधी 'नूरजहाँ'. तोपर्यंत तिची विस्मृती आमच्या लक्षात येऊ लागली होती. सकाळी काय खाल्ले ते आठवायचे नाही. जहाजाचा जिना मात्र किती पायऱ्यांचा होता ते आठवायचे. डॉक्टरांनी सांगितले, त्यांना जुन्या गोष्टींवर बोलते ठेवा. बोलते ठेवायचे म्हणून मी जहाज करायला घेतले. लाकडात हात घालण्याचा मला काही अनुभव नव्हता; शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते.

पहिला प्रश्न मापाचा. लहान प्रतिकृती करायची म्हणजे मूळ वस्तूचे माप हवे. ते अब्बांनीच दिले. अब्बा टपाल खात्यात होते. सरकारी नोकराच्या सर्व्हिस बुकात पहिल्याच पानावर त्याची उंची लिहिलेली असते, बूट काढून मोजलेली. अब्बांच्या बुकाची नक्कल घरात होती: ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७.६ सेंटिमीटर. फोटोत अब्बा भरतात ४२ मिलिमीटर आणि त्यांच्या शेजारचा कठडा २६ मिलिमीटर. त्रैराशिक मांडले आणि आमच्या शाळेच्या गणिताच्या सरांकडून तपासून घेतले. कठडा जवळजवळ १०४ सेंटिमीटर निघाला. कठड्यावरून मजल्याची उंची, मजल्यावरून दारे, दारांवरून गोल खिडक्यांतले अंतर, असे एकातून एक माप निघत गेले. फोटोत न आलेला पुढचा भाग त्या काळच्या प्रवासी जहाजांच्या चित्रांवरून पुरा केला. प्रमाण धरले शंभरास एक. माझे जहाज १ मीटर ३२ सेंटिमीटर लांब झाले आणि त्यावर अब्बांची उंची झाली १७ मिलिमीटर. आगपेटीची काडी तेवढी कापून घेतली, की झाले माप. दार केले की काडी उभी करून बघायची: अब्बा आत जातात का?

अशा प्रतिकृतींवर छोटी प्लॅस्टिकची माणसे उभी करतात, बघणाऱ्याला आकाराचा अंदाज यावा म्हणून. आम्ही केली नाहीत. अम्मीला घरात पुतळे नकोत, आणि मलाही ते पटते. काडी मापापुरती होती. ती आता माझ्या शिलाईच्या डब्यात आहे.

लाकडासाठी लकडगंज. नागपूरकरांना सांगायला नको, सागवान घ्यावे तर इथे. दिल्लीच्या नव्या संसद भवनालाही आमच्या नागपूरचेच सागवान गेले. जहाजाशी तर सागाचे नाते जुने आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ मध्ये सागवानी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. मी मागितल्या सागाच्या पातळ पट्ट्या, बोटभर रुंद, दीड मिलिमीटर जाडीच्या. आरागिरणीचे मालक चष्मा वर करून म्हणाले, "का जी मॅडम, पलंग करता का पतंग?" जहाज म्हटल्यावर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कात्रणाचे पैसे घेतले नाहीत. त्यांचे आजोबा पंढरीला पायी जात, असे काहीतरी ते सांगत होते. आऱ्याच्या आवाजात मला अर्धेच ऐकू आले.

काम कसे होते ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच बहिणींनी विचारले. आधी तळाचा कणा. कोकणातले होडी बांधणारे त्याला पठाण म्हणतात. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा पठाण आडनावाच्या मुलाला पुढचा आठवडाभर मान ताठ करून चालताना पाहिले. कण्यावर आडवे वांक बसवायचे, म्हणजे जहाजाच्या फासळ्या. मी त्या प्लायवूडमधून कापल्या. प्रत्येकीचा आकार वेगळा, मध्ये रुंद, टोकांना निमुळता. मग पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून, फासळ्यांवर वाकवून, टाचण्यांनी धरून फेविकॉलने चिकटवायच्या. एका बाजूला चार पट्ट्या लावल्या की दुसऱ्या बाजूला चार, नाहीतर कणा पिळतो. माझा पहिला पिळला. दोन महिन्यांचे काम चुलीत गेले असते, पण चूल नाही, गॅस आहे, म्हणून ते गच्चीवर पडून राहिले. दुसऱ्या वेळी घाई केली नाही. सांधे बुजवायला सागाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला, मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, मग ऑईलपेंटचे तीन हात. दोरखंडांना आमच्याच मोहल्ल्यातल्या हातमागाचे सूत, मेण चोळून. इथले माग आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, पण वीतभर सूत अजून मिळते.

शेजारच्या मुलाने विचारले, "ही हजरत नूह (अलै.) यांची कश्ती आहे का?" मी म्हटले, ती फळ्या आणि खिळ्यांची होती असे कुरआनात आले आहे, आणि हिच्यात खिळे नाहीत, नुसते फेविकॉल आहे. तो विचारात पडून गेला.

अम्मी रोज असरनंतर माझ्या टेबलाशी येऊन बसायची. धुराड्याचा रंग तिने तीनदा बदलायला लावला. शिडीची जागा तिने बरोबर सांगितली, फोटोने तिची साक्ष काढली. एहरामची आठवण तर इतकी ताजी, की यलमलमची मीकात आल्याचा भोंगा ती तोंडाने वाजवून दाखवायची. कधी मला ओळखायची नाही, धाकट्या मावशीच्या नावाने हाक मारायची, पण जहाजावरून चूक काढायला विसरायची नाही. एका संध्याकाळी तिने जहाजाच्या कुशीवर, पाण्याच्या रेघेच्या थोडे वर, बोट ठेवले.

"इसका दरवाज़ा किधर है?"

मी वरची दारे दाखवली. तिने मान हलवली. "वो नहीं। नीचे का। दो पल्ले का।"

फोटोत तिथे दार नव्हते. विचारले तर बोलेना. मला वाटले, दुसऱ्या कशाचे तरी दार हिच्या मनात मिसळले असेल. ती जागा मी रंगवून टाकली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत भाचीच्या लग्नाला आम्ही मुंबईला गेलो. विदर्भ एक्स्प्रेसने, रात्रभर. अम्मीला नेऊ नका असे सगळे म्हणत होते, मी नेले. लग्नानंतर एक दिवस हाती होता. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. जहाज सुटण्याआधी तिथे उतरल्याचे अम्मी सांगत असे. आम्ही टॅक्सी थांबवून तो बाहेरून बघितला. अम्मीने काही ओळख दाखवली नाही. गोदीत परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणून तिला भाऊच्या धक्क्यावर नेले. तिथून मांडव्याला २०२० पासून मोटारगाड्या वाहून नेणारी मोठी बोट जाते, तासाभराचा प्रवास. मनात स्वार्थही होता. मला खऱ्या बोटीचा कठडा मोजायचा होता.

बोट सुटली, धक्का मागे गेला, आणि वाऱ्याबरोबर तेलाचा आणि मिठाचा वास आला. अम्मीने ओढणी दाताखाली धरली आणि दोन्ही हातांनी कठडा पकडला. मी पर्समधून स्टीलची टेप काढली. एक मीटर आणि वर तीन-चार बोटे. अब्बांच्या फोटोतून निघालेला आकडा बरोबर होता. मी आनंदाने तिला सांगायला वळले, तर ती खाली, बोटीच्या कुशीकडे वाकून बघत होती.

"यहीं से उतारा था उनको," ती म्हणाली.

मग तिने सांगितले. सलग नाही, आणि काही दोनदा. परतीच्या प्रवासात तिच्या शेजारच्या बर्थवर यवतमाळकडच्या एक वयस्क बाई होत्या, एकट्या. मुलाने पाठवले होते आणि सोबतचे मेहरम पुरुषांच्या भागात. अम्मी त्यांना खाला म्हणायची. जेद्दा सोडून तिसऱ्या रात्री त्या गेल्या. ताप होता, जास्त काही नाही. त्यांचे कफन त्यांच्या पेटीत होते आणि पेटी जहाजाच्या पोटात, शेकडो पेट्यांच्या खाली. अम्मीचे कफन तिच्या हातपिशवीत होते, कारण ते नीट वाळले नव्हते आणि पेटीत ठेवले तर बुरशी येईल अशी तिला भीती वाटली होती. तिने ते काढून दिले. अम्मीने आणि आणखी दोघींनी मिळून गुसल दिला, अरुंद न्हाणीत, जहाज हलत असताना, एकीने दुसरीला धरून. डेकवर जनाजाची नमाज झाली. इंजिनाचा आवाज मंद झाला. अम्मी जिन्यात उभी होती. तिथून तिला कुशीतले दोन पल्ल्यांचे दार उघडलेले दिसले आणि पुढे नुसते पाणी. अब्बा खांदा देणाऱ्यांत होते.

"अब्बांनी काही म्हटलं नाही? कफन दिलं म्हणून?"

"उन्होंने ही कहा, किसी से मत कहना। दिया तो दिया।"

तीस वर्षांहून जास्त काळ ती बोलली नव्हती. नातेवाइकांनी विसराळू म्हटले तेव्हाही नाही. आता बोलली, ते तिने वचन मोडले की वचनच विसरली, हे मला सांगता येणार नाही. मांडव्याला उतरलो तेव्हा तिला बोट का पकडली तेच आठवत नव्हते. चहा प्यायलो आणि पुढच्या फेरीने परत आलो.

नागपूरला आल्यावर मी जहाजाच्या कुशीला पटाशी लावली. रंगवलेली, घोटलेली, पूर्ण झालेली बाजू कापताना हात थरथरत होता, कारण एक पट्टी फुटली तर वरपर्यंत फुटते. चौकोन निघाला. दोन पल्ले केले, कापडाच्या चिंधीची बिजागरी लावली. उंचीला काडी लावून पाहिली. अब्बांना थोडे वाकावे लागते.

घरच्यांना मी ही गोष्ट सांगावी की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. शेवटी भावांना सांगितले. ज्या बाईंनी टोमणा मारला होता त्यांनाही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग अम्मीच्या खोलीत जाऊन तिचे पाय दाबत बसल्या. धाकट्या भावाने उमऱ्याहून अम्मीसाठी दुसरे कफन जमजममध्ये भिजवून आणले. अम्मीने ते हातात घेतले, "किसका है?" विचारले, आणि माझ्याकडे ठेवायला दिले. इथे लिहायला मी धजावले, कारण त्या खालांच्या घरचे कोणी यवतमाळकडे हा अंक वाचत असेल, तर त्यांना कळावे की त्या एकट्या गेल्या नाहीत, आणि जमजमने भिजलेल्या कफनात गेल्या.

जहाज पाण्यात सोडायची हौस राहिली होती. इथे प्रमाणाची गंमत आहे. लांबी शंभरपट कमी केली, की घनफळ दहा लाखपट कमी होते. म्हणजे ८,००० टन पाणी बाजूला सारणाऱ्या जहाजाची अशी प्रतिकृती ८ किलो भरली, तर खऱ्यासारखी पाण्यात बसेल. माझे जहाज तीन किलोही नव्हते. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवले, तर बदकासारखे वर तरंगले आणि लगेच आडवे झाले. मुले हसली. मग तळाशी कण्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या लांब पिशव्या ठेवल्या, थोड्या थोड्या वाढवत. पावणेपाच किलोला ते सरळ उभे राहिले. त्याहून जास्त वाळू घातली असती, तर पाणी कुशीतल्या दारापर्यंत आले असते. तेवढ्यावर थांबले.

आता ते दिवाणखान्यात शोकेसवर आहे. नावाची जागा कोरी आहे. अम्मी 'अकबर' म्हणाली की 'अकबर', 'नूरजहाँ' म्हणाली की 'नूरजहाँ'. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडे वर, त्यामुळे आमचा किबला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो, आणि तिथेच आमच्या दिवाणखान्याची खिडकी आहे. धूळ पुसताना माझ्याकडून जहाज हमखास फिरते, मुले दाराचे पल्ले उघडे टाकतात. असरनंतर अम्मी येते, पल्ले बोटाने लावून घेते, आणि जहाजाचे तोंड पुन्हा खिडकीकडे करून ठेवते.